वाचकांचे प्रश्न : ‘रन’ नुसता पळत नाही, चालतो, वाहतो आणि संपतोही

यावेळच्या प्रश्नांत एक शब्द सारखा सारखा दिसत होता, रन. चादरीच्या दुकानातून, नर्सिंगच्या होस्टेलवरून, अभ्यासिकेतून, लग्नाच्या बायोडाटातून, सगळीकडून वेगवेगळ्या वाक्यात अडकलेला हा एकच शब्द. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकाला ठेवलेत आणि हा अख्खा कॉलम रनलाच दिलाय.

प्रश्न : मी दहावीत आहे, सोलापुरात बाळे इथं राहते. शाळेत रन म्हणजे पळणे एवढंच शिकवलं होतं, पण डिक्शनरी उघडली तर अर्थ संपतच नाहीत. घड्याळ पण रन, नदी पण रन, दुकान पण रन. एवढं सगळं पाठ कसं करायचं?

उत्तर : पाठ करायचंच नाही, हे आधी सांगते. ऑक्सफर्डची जी मोठी अनेक खंडांची डिक्शनरी आहे ना, तिच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ या शब्दाची होती, ४३० अर्थ. नंतर ती डिक्शनरी नव्यानं तपासायला घेतली तेव्हा रन पुढं गेला आणि नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ निघाले. आता ६४५ अर्थ कुठलाही इंग्रज पाठ करून बसलेला नसतो, तरी बोलताना त्याचं कुठं अडत नाही.

कसं काय अडत नाही? तर आपलं ‘चालणे’ बघ. चालणे म्हणजे पायानं चालणे हे पहिलीतलं पोरगंपण सांगेल. पण घड्याळ चालतं, माग चालतो, पिक्चर चालतो, एकाच्या पगारावर घर चालतं, कोर्टात केस चालते, एखाद्याचं तोंड चालतं, परीक्षेत डोकं चालत नाही, फाटकी नोट चालत नाही, आणि चहा घेणार का विचारलं की आपण म्हणतो चालेल. हे तुला कुणी यादी देऊन शिकवलं का? नाही ना. ऐकत ऐकत कळत गेलं. रनचं तसंच आहे, आणि बऱ्याच ठिकाणी जिथं आपण चालतो तिथं इंग्रजी पळतं. ‘माय वॉच रन्स फाइव्ह मिनिट्स स्लो’, माझं घड्याळ पाच मिनिटं मागं चालतं. ‘द फिल्म रॅन फॉर ट्वेंटीफाइव्ह वीक्स’, पिक्चर पंचवीस आठवडे चालला. ‘शी रन्स अ मेस’, ती मेस चालवते.

ह्यात एक बारीक गोष्ट बघून ठेव. चालतो आणि चालवतो हा फरक आपण क्रियापदातच दाखवतो, इंग्रजीत रन तसाच राहतो आणि त्याच्या पुढं वस्तू आली का नाही यावरून तो फरक कळतो. ‘द लूम रन्स’ म्हणजे माग चालतो आणि ‘ही रन्स द लूम’ म्हणजे तो माग चालवतो. त्यामुळं वाक्यात रन दिसला की आधी बघायचं कोण रन होतंय, माणूस का मशीन का पाणी का वेळ, मग बघायचं त्याच्या पुढं काय आलंय, कुठला छोटा शब्द चिकटलाय, आउट, इनटू, ओव्हर, डाउन. अर्थ तिथं सापडतो, एकट्या रनमध्ये शोधत बसलं तर सापडत नाही.

मुळात त्या शब्दात दोनच गोष्टी आहेत असं मला वाटतं, न थांबता पुढं जात राहणं आणि चालू असणं. पाणी पुढं जातं म्हणून ‘द टॅप इज रनिंग’, नळ चालू राहिलाय. रस्ता जागचा हलत नाही पण पुढं पुढं जातो असं दिसतं म्हणून ‘द पुणे-हैदराबाद हायवे रन्स थ्रू सोलापूर’, आपण पण म्हणतोच की हायवे सोलापुरातून जातो. आणि यंत्रं आल्यावर तर ह्या शब्दाचा पसारा फारच वाढला. आपल्या सोलापूरला रेल्वे १८६० साली आली, जुनी मिल ही कापडगिरणी १८७७ च्या सुमारास सुरू झाली, इंग्रजांच्या देशात हे सगळं त्याच्या कितीतरी आधी होऊन गेलेलं, आणि इंजिन असो, माग असो, आगगाडी असो, त्यांनी सगळ्याला रनच लावलं. पुढं कॉम्प्युटर आला तर प्रोग्रॅमपण रन व्हायला लागला.

पण चालणे दिसलं की लगेच रन लिहायचं असं करू नको हां. ‘दुकान चांगलं चालतंय’ याला ‘द शॉप इज डुइंग वेल’ म्हणतात. पेन चालत नाही याला ‘द पेन इज नॉट वर्किंग’. नोट चालत नाही म्हणजे ती कुणी घेत नाही, तिथं ‘ॲक्सेप्ट’ लागतं. आणि चालेल याला ‘दॅट्स फाइन’, तिथं रनचा काही संबंध नाही. एक वही कर, तिच्यात सुटा शब्द लिहू नको, ज्या वाक्यात रन भेटला ते अख्खं वाक्य लिही. आणि रूपं लक्षात ठेव, रन, रॅन, रन. ‘हॅज रॅन’ लिहिलं की मार्क गेले, ‘हॅज रन’ असतं ते.

प्रश्न : चाटी गल्लीत आमचं चादर-टॉवेलचं दुकान आहे, आता ऑनलाइनपण विकतो. माल थेट कारखान्यातून येतो म्हणून मी वर्णनात ‘रन ऑफ द मिल चादर’ असं टाकलं. बेंगळुरूच्या एका गिऱ्हाइकानं मेसेज केला की हे आधी काढा. का बरं? मिलमधून निघालेली असाच अर्थ होतो ना? आणि दुसरं म्हणजे बाहेरचे लोक विचारतात ‘विल इट रन इन द वॉश’, त्याला काय उत्तर द्यायचं?

उत्तर : दादा, त्या गिऱ्हाइकानं तुमचं भलंच केलं, आज रात्रीच्या आत ते वर्णन बदला. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे साधारण, सरसकट, त्यात विशेष काही नाही असं. ‘इट वॉज अ रन ऑफ द मिल हॉटेल’ म्हणजे असंच आपलं कुठलंतरी हॉटेल. तुम्ही स्वतःच्या हातानं स्वतःच्या चादरीला सुमार म्हणून बसलात.

पण तुम्हाला तसं का वाटलं ते मला पूर्ण कळतं, कारण शब्दांचा मूळ अर्थ तुम्ही म्हणता त्याच्या अगदी जवळचाच आहे. इथं रन हे नाम आहे, एका दमात मशीनमधून जेवढा माल निघाला तो सगळा मिळून एक रन. आजपण ‘प्रॉडक्शन रन’ म्हणतात, छापखान्यात एका वेळी जेवढ्या प्रती निघाल्या त्याला ‘प्रिंट रन’ म्हणतात. आता कापडाचं काय असतं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. मागावरून कापड उतरलं की ते लगेच विकायला जात नाही, आधी टेबलावर पसरून तपासतात, कुठं तान्याचा म्हणजे उभा धागा तुटलाय, कुठं बाना म्हणजे आडवा धागा सुटलाय, कुठं तेलाचा डाग पडलाय, मग चांगला माल एकीकडं, सेकंडचा माल दुसरीकडं, तुकडे तिसरीकडं. ही निवड व्हायच्या आधीचा, चांगलं-वाईट सगळं एकत्र असलेला जो ढीग, तो म्हणजे रन ऑफ द मिल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या व्यापारात हा शब्द असा सरळ सरळ मालाला वापरायचे. खाणीतून निघालेल्या न निवडलेल्या कोळशालापण असंच ‘रन ऑफ द माइन’ म्हणायचे. निवडलेला नाही म्हणजे खास नाही, असं होत होत तो वाक्प्रचार झाला आणि मिल मागं राहिली.

आणि आपली अडचण अशी आहे की सोलापूरच्या माणसाला मिल हा शब्दच मानाचा. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी विष्णू, घरटी कुणीतरी तिथं कामाला होतं, भोंग्यावर गावाची वेळ ठरायची, मिलचं कापड म्हटलं की टिकाऊ हे गृहीतच. मिल्स बंद पडून इतकी वर्षं झाली तरी जुनी माणसं आजपण ‘मिलचं आहे’ हे कौतुकानंच म्हणतात. त्यामुळं ‘ऑफ द मिल’ वाचलं की आपल्या मनात चांगलंच येतं, इंग्रजी वाचणाऱ्याच्या मनात बरोबर उलटं येतं. तुम्ही लिहा ‘स्ट्रेट फ्रॉम द लूम’, किंवा ‘वोव्हन इन सोलापूर’. जॅकार्डची असेल तर ‘जॅकार्ड वोव्हन’ जरूर लिहा, नक्षी छापलेली नाही, विणलेली आहे हे त्यातून कळतं आणि लांबच्या गिऱ्हाइकाला फोटोवरून ते कळत नसतं. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ते जीआय, मिळालेलं आहे, तुमचा माल त्यात बसत असेल तर तेही लिहा. हे सगळं सोडून रन ऑफ द मिल कशाला?

जाता जाता अजून एक मिल सांगते. ‘ही हॅज बीन थ्रू द मिल’ म्हणजे त्यानं फार सोसलंय. ही मिल कापडाची नाही, दळायची. आपण भरडून निघाला म्हणतो ना, अगदी तेच.

आता धुण्याचं. ‘विल इट रन इन द वॉश’ म्हणजे रंग जातो का. पण इथं जपून उत्तर द्या, कारण आपण ‘रंग जातो’ हे दोन वेगळ्या गोष्टींना म्हणतो. एक म्हणजे रंग पाण्यात उतरतो आणि शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यावर नाहीतर बादलीतल्या दुसऱ्या कपड्याला लागतो, ते रन होणं, त्याला ‘ब्लीड’ पण म्हणतात. दुसरं म्हणजे दहा धुण्यांनंतर किंवा उन्हात वाळवून वाळवून चादर फिकी पडते, विटते, ते ‘फेड’. गिऱ्हाइकानं रन विचारलंय आणि तुम्ही नुसतं ‘कलर विल नॉट गो’ लिहिलं तर त्याला काहीच कळणार नाही. पक्का रंग असेल तर ‘द कलर्स डोन्ट रन’ लिहा, एका शब्दात पाहिजे असेल तर ‘कलरफास्ट’. गडद लाल किंवा गडद निळी चादर पहिल्या धुण्याला थोडा रंग सोडत असेल तर तेपण सरळ लिहा, ‘वॉश सेपरेटली द फर्स्ट टाइम, इन कोल्ड वॉटर’. त्यानं गिऱ्हाईक तुटत नाही, उलट विश्वास बसतो.

कापडावरूनच आठवलं, ‘रनिंग स्टिच’ याला मराठीत धावदोरा म्हणतात. किती नेमका शब्द आहे बघा, हा कुणी भाषांतर करून बनवलेला वाटतच नाही, पण बरोबर रनिंगच. आणि अमेरिकेत बायकांच्या पातळ मोज्याचा एक धागा सुटून जी लांब रेघ पडते तिलापण रन म्हणतात, इंग्लंडात त्याला ‘लॅडर’ म्हणतात.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वॉर्डमध्ये रन फार ऐकू येतो. ‘रनिंग नोज’ बरोबर का चूक? ‘रनिंग अ टेंपरेचर’ म्हणजे काय, टेंपरेचर कसं पळणार? आणि एका पुस्तकात ‘द रन्स’ असा शब्द होता.

उत्तर : ‘रनिंग अ टेंपरेचर’ म्हणजे अंगात ताप आहे. टेंपरेचर पळत नाही, पेशंटच्या अंगात ते चालू आहे. ‘शी इज रनिंग अ फीव्हर’ पण तेच. सलाइन लावलेलं असतं तेव्हा ‘द ड्रिप इज रनिंग’ म्हणतात, तेपण आपल्या ‘सलाइन चालू आहे’ सारखंच. डॉक्टर ‘लेट्स रन सम टेस्ट्स’ म्हणाले तर तपासण्या करून घेऊ.

नाकाचं सांगायचं तर ‘हिज नोज इज रनिंग’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर. पण ते नाक म्हणून नाम करायचं झालं तर ‘अ रनी नोज’ म्हणतात. ‘रनिंग नोज’ आपल्या देशात सगळे बोलतात, सगळ्यांना कळतं, बोलण्यात राहू द्या, लेखी मात्र रनी लिहा, पुढं बाहेरच्या देशातल्या नोकरीसाठी इंग्रजीची परीक्षा द्यायची असेल तर हे लागेल. ‘द रन्स’ म्हणजे जुलाब. हा घरगुती शब्द आहे, पेशंट बोलेल, तुम्ही केसपेपरवर लिहायचा नाही, तिथं डायरिया. आपल्याकडं ‘लूज मोशन्स’ म्हणतात ना, त्याच्या जागेवर त्यांचा हा शब्द.

‘इट रन्स इन द फॅमिली’ हे तर हिस्टरी घेताना रोज लागणार. शुगर, बीपी, दमा, घराण्यातच आहे. पण हे फक्त रोगाला नाही, गाण्याचा गळा घराण्यात असेल तरी हेच म्हणतात, तेव्हा वाचताना लगेच आजारावर उडी मारू नका. एक फार महत्त्वाचं, ‘आय फील रन डाउन’. पेशंट असं म्हणाला तर त्याला कुणी गाडीनं उडवलेलं नाही, त्याला गळून गेल्यासारखं वाटतंय, शक्ती राहिली नाही. आणि ‘ही वॉज रन डाउन बाय अ ट्रक’ असेल तर मात्र ट्रकनं उडवलंय. फील आणि वॉज याच्यात सगळा फरक आहे ताई. त्याच डाउनचा तिसरा अर्थ, कुणाला तरी सारखं नावं ठेवणं, ‘शी ऑलवेज रन्स हर सिस्टर डाउन’.

प्रश्न : एमपीएससीचा अभ्यास करतोय. ‘रन आउट’ आणि ‘रन आउट ऑफ’ यात दर वेळी चूक होते. ‘वॉटर इज रन आउट’ का चुकीचं?

उत्तर : हा प्रश्न घेतल्याबद्दल बरं वाटलं, कारण ही चूक चांगले शिकलेले लोकपण करतात. संपणारी वस्तू आधी आली तर नुसतं रन आउट, ज्याच्याकडची संपली तो आधी आला तर रन आउट ऑफ. ‘द वॉटर हॅज रन आउट’, पाणी संपलं. ‘वी हॅव रन आउट ऑफ वॉटर’, आमच्याकडचं पाणी संपलं. ‘वी हॅव रन आउट’ एवढंच पण म्हणतात, पण कशाबद्दल बोलणं चाललंय ते आधी आलेलं असेल तरच. ‘इज रन आउट’ का नाही, तर पाण्याला कुणी संपवलेलं असं त्या वाक्यात म्हणायचं नसतं, ते आपलं आपण संपतं, म्हणून हॅज. आणि आता क्रिकेट बघा, ‘ही वॉज रन आउट’. तिथं वॉज अगदी बरोबर, कारण फिल्डरनं स्टंप उडवून त्याला बाद केलंय, तो आपला आपण संपलेला नाही. दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहून ठेवा, परत चुकणार नाही.

ज्यांच्या नळाला पाणी रोज येत नाही त्यांना पुढचं लगेच कळेल. पिंप अर्ध्याच्या खाली गेलं, ‘वी आर रनिंग लो ऑन वॉटर’. पाहुणे आले आणि आहे ते पुरणार नाही असं दिसायला लागलं, ‘वी आर रनिंग शॉर्ट ऑफ वॉटर’. शेवटची घागर उपसली, ‘वी हॅव रन आउट ऑफ वॉटर’. आणि विहीर किंवा बोअर आटलं तर ‘द वेल हॅज रन ड्राय’, ड्राय हे फक्त जिथून पाणी येतं त्याला, माणसाला लावायचं नाही. लो नंतर ऑन, शॉर्ट नंतर ऑफ, परीक्षेत नेमकं हेच विचारतात. पाण्याच्या जागी वेळ, पैसा, कागद, काहीपण घाला. धीर संपत आला तर ‘माय पेशन्स इज रनिंग आउट’.

‘थ्री डेज रनिंग’ पण विचारतात कधीकधी, म्हणजे सलग तीन दिवस. इथं रनिंग आकड्याच्या आणि दिवसाच्या नंतर येतं, आधी नाही.

प्रश्न : जुळे सोलापूरला घरून काम करते, कंपनी पुण्याची. मीटिंगमध्ये ‘रन इट बाय मी’, ‘वी रॅन इनटू ॲन इश्यू’, ‘द कॉल रॅन ओव्हर’ असं चालू असतं. परवा एका सहकाऱ्यानं ‘आय रॅन ओव्हर अवर क्लायंट ॲट द स्टेशन’ असं लिहिलं आणि सगळे गप्प झाले.

उत्तर : गप्प होणारच. त्यांना ‘रॅन इनटू’ म्हणायचं होतं, म्हणजे अचानक गाठ पडली, जसं सात रस्त्याला ओळखीचं कुणी भेटावं. ‘रॅन ओव्हर’ म्हणजे अंगावर गाडी घातली. ‘रॅन अक्रॉस’ पण चाललं असतं. त्यांना वेगळं घेऊन शांतपणे सांगा, ग्रुपवर नको.

पण तोच ओव्हर मीटिंगला लावला तर साधा अर्थ, ‘द कॉल रॅन ओव्हर’, ठरलेल्या वेळेपेक्षा लांबला. मी मघाशी म्हटलं ते इथं कामाला येतं, कोण रन होतंय ते आधी बघायचं, कॉल असेल तर वेळ लांबली, गाडी असेल तर अपघात. इनटूचंपण तसंच, माणसाशी रॅन इनटू झालं तर भेट, अडचणीशी झालं तर अडचण आली, भिंतीशी झालं तर धडकलो, आणि ‘द कॉस्ट रन्स इनटू लॅक्स’ म्हणजे खर्च लाखांत जातो.

‘रन इट बाय मी’ म्हणजे पुढं पाठवायच्या आधी मला एकदा दाखव. ह्यात परवानगीपेक्षा मत विचारणं जास्त आहे, पण बॉस म्हणाला तर परवानगीच समजा. ‘रन थ्रू’ म्हणजे सगळ्यावरून एकदा भरभर नजर फिरवणं किंवा तालीम, ‘रनडाउन’ म्हणजे थोडक्यात माहिती, ‘ड्राय रन’ म्हणजे रंगीत तालीम. ‘रन विथ इट’ म्हणाले तर कल्पना आवडली, तुम्ही पुढं न्या. ‘आय ॲम रनिंग लेट’ म्हणजे मला उशीर होतोय, तो माणूस पळतोय असं नाही. स्टेशनवर आपण ऐकतोच की, गाडी अमुक इतकी उशिरानं धावत आहे, ते हेच रनिंग लेट.

प्रश्न : मुलीच्या बायोडाटात वय ‘ट्वेंटीफोर रनिंग’ लिहिलंय. स्थळ अमेरिकेतलं आहे, त्यांना कळेल का? आणि माझे मिस्टर जुनी गाडी विकताना ‘रनिंग किती’ विचारतात, तेपण इंग्रजी आहे का?

उत्तर : मावशी, स्थळाकडचे आपल्याकडचेच असतील तर त्यांना नक्की कळेल, चोविसावं चालू आहे म्हणजे तेवीस पूर्ण. पण तिकडं वाढलेल्या मुलाला रनिंग कळणार नाही, तो चोवीसच धरेल. तिकडं वय पूर्ण झालेलंच सांगतात. सरळ जन्मतारीख लिहा, हा प्रश्नच राहणार नाही.

गाडीचं रनिंग म्हणजे ती किती किलोमीटर फिरली. हे आपल्या इथलं इंग्रजी, गॅरेजपासून शोरूमपर्यंत सगळे बोलतात आणि त्यात कमी काही नाही. बाहेरच्या माणसाशी बोलायचं झालं तर ‘हाउ मेनी किलोमीटर्स हॅज इट डन’. कापड ‘रनिंग मीटर’वर विकतात, कॉन्ट्रॅक्टरचं ‘रनिंग बिल’ असतं, हे मात्र व्यवहारातले पक्के शब्द आहेत, ते बदलायची गरज नाही.

प्रश्न : सातवीत आहे. क्रिकेटमध्ये फोर मारला तर पळत नाही, तरी त्याला रन का म्हणतात?

उत्तर : कारण सुरुवात पळण्यापासून झाली. दोन बॅट्समननी पळून जागा बदलली की एक रन, मराठीत पण धाव. चेंडू सीमेपलीकडं गेला तर पळायची गरज नाही, पण मोजायचं माप तेच राहिलं. फार जुन्या काळी इंग्लंडमध्ये हिशेब ठेवणारा काठीवर खाचा पाडायचा आणि रनला ‘नॉच’, म्हणजे खाचच म्हणायचे. आणि तू सोलापूरचा आहेस तर हे माहीत पाहिजे, पॉली उम्रीगर यांचा जन्म १९२६ साली सोलापूरचा. ५९ टेस्टमध्ये ३६३१ रन्स, आणि टेस्टमध्ये भारताकडून पहिली डबल सेंच्युरी त्यांचीच, १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३. ते निवृत्त झाले तेव्हा भारताकडून सगळ्यात जास्त टेस्ट रन्स त्यांच्याच नावावर होते. बॉलर पळत येतो तो ‘रन-अप’, आणि निवडणुकीच्या आधीचे जे दिवस असतात त्यालापण पेपरात ‘द रन-अप टू द इलेक्शन’ लिहितात.

प्रश्न : निवडणुकीला ‘रन’ म्हणायचं का ‘स्टँड’? कॉलेजच्या मासिकात लिहायचंय.

उत्तर : आपण म्हणतो उभा राहिला, इंग्लंडात पण उभाच राहतो, ‘स्टूड फॉर इलेक्शन’. अमेरिकेत पळतो, ‘रॅन फॉर प्रेसिडेंट’, आणि त्याच्यासोबत उपाध्यक्षपदाला जो उमेदवार असतो त्याला ‘रनिंग मेट’ म्हणतात. आपल्या इंग्रजी पेपरात ‘कंटेस्टेड’ जास्त दिसतं. नगरसेवकाबद्दल लिहीत असाल तर स्टूड किंवा कंटेस्टेड लिहा, अमेरिकेच्या बातमीवर लिहीत असाल तर रॅन. आणि दुसऱ्या नंबरवर आला तो ‘रनर-अप’, असे दोघं असतील तर ‘रनर्स-अप’, एस मध्ये लागतो, शेवटी नाही.